फुगडीत सोडलेले हात

बकुळाला माफ करता येत नसे. काहींना पोहता येत नाही, काहींना भाकरी थापता येत नाही, तसं. तिची आई कमलाबाई म्हणायची, "ही पाळण्यातून पडली नि वर्षभर पाळण्यावर रुसली." कमलाबाईंना थोडं वाढवून सांगायची सवय होती, पण लहानपणी जिने बकुळाची पेन्सिल नेऊन परत केली नाही, तिच्याशी बकुळा कॉलेजात गेल्यावरही बोलत नव्हती, हे खरं आहे.

लालबागच्या मागच्या गल्लीत पिंपळाची चाळ होती. तीन माळे, मधे फरसबंदी चौक, चौकाच्या एका कडेला नळाचा दगडी कट्टा आणि कोपऱ्यात तो पिंपळ. दुसऱ्या माळ्यावर बकुळाचं बिऱ्हाड. बाप विठोबा मिलच्या साचाखात्यात, मागावर. माणूस अबोल, सरळ, आणि एका गोष्टीत तरबेज: खळ शिजवण्यात. सुताला खळ लावणाऱ्या मिलमध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं भिंतींवर चिकटवायची वेळ आली तेव्हा खळीचं पातेलं आपसूक त्याच्याकडे आलं. विठोबाच्या खळीने चिकटवलेला कागद पोलिसांनी ओढला तर भिंतीचा गिलावा निघे, कागद निघत नसे. चळवळीतला त्याचा पराक्रम एवढाच.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीने ठरवलं आणि गिरणगाव पेटलं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. ते सगळं पुस्तकांत आहे, इथे उगाळत बसण्यात अर्थ नाही. पिंपळाच्या चाळीत काय झालं ते सांगायचं आहे. एका सकाळी पोलीस गल्लीत शिरले तेव्हा विठोबा, कुशाबा आणि राजाराम असे तिघे सुंदराबाईंच्या पोटमाळ्यावर लपले. सुंदराबाई म्हणजे चाळीची खाणावळवाली. मालवणकडची, अंगाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट. बिनबायकोचे पाऊणशे गिरणीकामगार तिच्या हातचं जेवत. पोटमाळ्यावर तांदळाची पोती आणि मोठी पातेली असायची, त्यांच्यामागे तीन माणसं सहज लपत.

बकुळा तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला होती. सुंदराबाईंच्या खोलीसमोरच्या गॅलरीत, दाराआड अंग चोरून उभी होती. पोलिसाने सुंदराबाईंच्या मुलाची, दगडूची मानगूट धरली आणि विचारलं, "कुठं आहेत?" सुंदराबाईंच्या हातात आमटीचा डाव होता. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. डाव फक्त वर केला, पोटमाळ्याकडे. डावातली आमटी ठिबकून त्यांच्या पायावर पडली. ती ठिबकणारी आमटी बकुळाने पाहिली.

तिघांनाही नेलं. कुशाबा आणि राजाराम तुरुंगात महिनोन्‌महिने राहिले. विठोबा आठवड्याभरात सुटला, कारण मारात त्याची बोटं इतकी चेचली होती की हा दगड काय मारणार, असं कुणा वरिष्ठाला वाटलं असावं. हातांना मळकी फडकी गुंडाळून तो चाळीत परतला, आणि तो जिना चढतोय तोच सुंदराबाई नळावर म्हणाल्या, "दोघे आत आणि ह्यो एकटोच भायर कसो?"

बस. एवढंच. असल्या वाक्याला पुढे कोणाला ढकलावं लागत नाही, ते आपलं आपण जातं. संध्याकाळपर्यंत चाळीला ठाऊक झालं की विठोबानेच पोलिसांना पोटमाळा सांगितला आणि त्या बदल्यात सुटका करून घेतली. आपल्याकडे कोणी बघू नये म्हणून बाईने आधीच दुसऱ्याकडे बोट दाखवलं. तिचं बोट दाखवायचं काम एकदा झालं होतं, दुसऱ्यांदा सोपं गेलं.

बकुळा गप्प बसली नाही. दुसऱ्याच दिवशी नळावर सगळ्यांदेखत ओरडली, "मावशी, डाव तुम्ही वर केलात! मी बघितलंय!" सुंदराबाई कंबरेवर हात ठेवून हसल्या. "बापाशीचा पाप झाकूक चेडू खोटा बोलता. बोलांदेत. माझो दगडू असतो तर त्यानय ह्याच केल्यान असता." बायकांनी मान डोलावली. पाऊणशे पोटं जिच्या चुलीवर, तिचं खोटंही जरा शिजलेलं लागतं.

आणि मग सुरू झालं ते चाळीचं वाळीत टाकणं. कोणी भांडत नाही, शिव्या देत नाही. फक्त विठोबा गॅलरीत आला की पत्त्यांचा डाव मोडतो. कुशाबाची बायको सोनूबाई हळदीकुंकवाला सगळ्या दारांची कडी वाजवते आणि कमलाबाईंच्या दारावरून पुढे जाते. गणपतीच्या आरतीला विठोबाच्या हातात झांज कोणी देत नाही. मिलने त्याला साच्यावरून काढून झाडूवर लावलं, कारण बोटांनी धागा धरता येईना. पण त्याचं त्याला एवढं लागलं नाही, जितकं झांजेचं लागलं.

"बाबा, तुम्ही सांगत का नाही?" बकुळा विचारी.

"काय सांगू? सोनूबाईला जाऊन म्हणू, मी नाही, ती? दोघींपैकी एक रडणार, एक हसणार. माझी बोटं सरळ होणारेत काय?"

"माझी वाकडी होतायत, त्याचं काय!"

 विठोबा माफ करू शकणारा माणूस होता. बकुळाला त्याचा फार राग यायचा.

तिला एकच गोष्ट हवी होती. सुंदराबाईंनी स्वतःच्या तोंडाने, सगळ्या चाळीसमोर, कबूल करायला हवं होतं. बकुळाच्या तोंडचं कोणी ऐकणार नव्हतं. आणि सुंदराबाईंकडून खरं वदवून घ्यायची चाळीत एकच जागा होती: गौरीची फुगडी.

पिंपळाच्या चाळीचा तसा रिवाज होता. गौर जेवली की दुपारी बायका चौकात उतरत. रिंगणात येऊन जिने हात पुढे केला तिला त्या दिवशी नाही म्हणायचं नाही. गौर माहेरवाशीण, तिच्या दिवशी कोणाला परत धाडत नाहीत. फुगडी घालताना एकीने दुसरीला काहीही विचारावं: नवऱ्याने मारलं का, सासूची पेटी कोणी उघडली, भाताचं पातेलं कोणी करपवलं. दुसरीने उत्तर द्यायचं. फुगडीत खोटं बोललं तर गौर पाय ओढते, असं म्हणत. "पुरे" म्हटलं की हार. सुंदराबाई मुंबईला आल्यापासून "पुरे" म्हणाल्या नव्हत्या. चाळीतल्या प्रत्येक बाईला त्यांनी गरगरवून खाली बसवलं होतं, आणि उत्तर चुकवायचं झालं की इतक्या जोरात फिरवायच्या की विचारणारीचीच बोबडी वळायची.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात बकुळा इंटर सायन्सला होती, दादरच्या एका कॉलेजात. वर्गात मुली चार, मुलगे मायंदाळ. सगळं शिकवणं इंग्रजीतून. हल्ली मराठी पुस्तकांत संवेग, कोनीय संवेग असे ऐटबाज शब्द आहेत. तेव्हा सगळे मोमेंटमच म्हणत. प्रोफेसरांनी एक फिरतं स्टूल आणलं, वर कोणालातरी बसवायचं म्हणून मुलांकडे पाहिलं. मुलगे खिदळले. बकुळा उठली आणि जाऊन बसली. दोन हातांत किराण्याच्या दुकानातली दोन लोखंडी वजनं दिली. हात पसरलेले असताना प्रोफेसरांनी हळूच ढकललं, स्टूल डुलत फिरू लागलं. "आता हात छातीशी घ्या."

तिने घेतले आणि वर्ग गर्रकन फिरला. फळा, खिडकी, मुलगे, फळा. कोणीही ढकललं नव्हतं. हात पुन्हा लांब केले, वेग पुन्हा मंदावला.

प्रोफेसर सांगत होते: फिरणाऱ्या वस्तूला बाहेरून कोणी पीळ दिला नाही, तर तिचा फिरण्याचा ऐवज तेवढाच राहतो. वजन मधल्या आसाजवळ आणलंत तर वेग वाढलाच पाहिजे, लांब नेलंत तर घटलाच पाहिजे. आणि सरळ जाणाऱ्या वस्तूंचंही तसंच. दोन मुलांना त्यांनी चाकांच्या फळ्यांवर समोरासमोर उभं केलं, एक लठ्ठ, एक लुकडा. लठ्ठ्याने लुकड्याला ढकललं. लुकडा भिंतीवर जाऊन आदळला, पण लठ्ठ्याही मागे सरकलाच, सावकाश. "वस्तुमान गुणिले वेग, दोघांचा गुणाकार सारखा, दिशा उलट. दुसऱ्याला ढकललंत की तुम्हीही ढकलले जाता. सुटका नाही."

बाकीच्यांनी ते वहीत उतरवलं. बकुळा स्टुलावरून उतरली तेव्हा तिला पिंपळाच्या चाळीचा चौक दिसत होता.

"सर, दोघंजण हात धरून गरगर फिरतायत आणि मधेच हात सुटले, तर कोण कुठे जाईल?"

"गोफणीतला दगड कुठे जातो? सुटला त्या क्षणी ज्या दिशेने धावत होता, तिकडे सरळ. बाहेर फेकला जात नाही, स्पर्शरेषेने जातो. का, गोफण चालवायचीय का?" मुलगे पुन्हा हसले.

"नाही सर. शंका होती."

शंका वगैरे काही नव्हती. बेत होता.

तिच्या वर्गातली राधा वरळीच्या कोळीवाड्यातली. तिची आई लालबागच्या बाजारात मासळी विकायची आणि राधाने लहानपणापासून टोपल्या उचललेल्या, त्यामुळे दंड असे की प्रॅक्टिकलच्या परीक्षकाने तिला एकदा टेबल सरकवायला सांगितलं होतं. बकुळाने तिला दादरच्या चौपाटीवर वाळूत नेलं.

"फुगडी घालायची. मी 'आता' म्हटलं की दोघींनी हात सोडायचे."

"वेड लागलंय काय गो तुला? पडू ना!"

"पडायचंच आहे. कोण किती लांब पडतं ते बघायचंय."

राधा चांगली पोरगी. तिने पदर खोचला. वाळूत वर्तुळं उमटली, मग 'आता', मग धप्प. राधा दोन पावलं मागे जाऊन बसली. बकुळा वाळूत लोळत लांब गेली, तोंडात वाळू. पुन्हा. पुन्हा तेच. एक म्हातारा चणेवाला टोपली खाली ठेवून बघत बसला.

"बघ," बकुळा थुंकत म्हणाली. "तू माझ्या दीडपट जड. तू मधल्या आसाजवळ फिरतेस, मी लांबून. म्हणून वेग माझा जास्त. सुटल्यावर माझीच फरपट जास्त."

"मंग कशाला सोडतेस? हलक्या माणसानं जडाच्या नादाला लागूच नये, माझी आय म्हनते. कोनाला पाडायचा बेत हाय, सांग तरी!"

"एका बाईला. तिच्यामागे दगड येईल आणि माझ्यामागे बायका बसलेल्या असतील अशा बेताने."

 "तू लई वाईट हायस," राधा म्हणाली. मग कपाळावरची वाळू झटकून म्हणाली, "चल, आनखी एकदा. या वेळंला दिशा बघू."

बेत असा: फुगडीत प्रश्न विचारायचा. खरं बोलली तर ठीक. खोटं बोलली, तर सुंदराबाई पिंपळाच्या बाजूला आल्या की हात सोडायचे, म्हणजे त्या नळाच्या दगडी कट्ट्याकडे भिरकावल्या जातील. बकुळा नेमकी उलट दिशेला, गॅलरीखाली दाटीने बसलेल्या बायकांच्या मांड्यांवर. गौर पाय ओढते म्हणतात ना? तर ओढेल.

तिला अपराधी वाटलं का? नाही. रोज नळावर सुंदराबाई दिसत, आणि रोज बकुळा कट्ट्याची कड हाताने चाचपून बघे. कड चांगली धारदार होती.

गौरीपूजनाच्या दुपारी पावसाने उघडीप दिली. चौक पुसून कोरडा केलेला. तेरड्याची गौर सोनूबाईच्या दारात नटून बसली होती. बायका भरपेट जेवून, पान खाऊन खाली उतरल्या. कमलाबाई जिन्याच्या तळाशी एकट्याच उभ्या होत्या, त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. विठोबा वर गॅलरीत खांबाला टेकून होता.

सुंदराबाईंनी दोघीतिघींना गरगरवून बसवलं. घामाने त्यांचं कुंकू ओघळलं होतं. हात पुढे करून त्या गर्जल्या, "येवा! कोणाच्या आवशीन दूध पाजल्यान हा, येवा!"

बकुळा रिंगणात शिरली आणि हात फुलीसारखे धरून उभी राहिली.

चौकातली कुजबुज थांबली. सुंदराबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू? अगो, तुज्या हाडांचो खुळखुळो होतलो."

"गौरीच्या दिवशी नाही म्हणायचं नाही, मावशी."

"नाय खय म्हणतंय? ये."

सुंदराबाईंचे पंजे तिच्या तळव्यांवरून सरकत पुढे गेले आणि मनगटांवर बसले. बांगड्या हाडांत रुतल्या. राधाबरोबर ती तळव्यात तळवा घालून फिरली होती. इथे पकड निराळी होती. फुगड्या तिने आजवर वरच्या गॅलरीतूनच पाहिलेल्या, वरून कोणाचं बोट कुठे आहे ते कळत नाही. असेल, बकुळाला वाटलं. तिने सुंदराबाईंच्या मनगटांवर बोटं आवळली, चवडे त्यांच्या चवड्यांना लावले आणि अंग मागे झोकून दिलं.

फू, फू, फू. पिंपळ, कट्टा, जिना, बायका. पिंपळ, कट्टा, जिना, बायका. सुंदराबाई पहिल्याच दमात जोर लावत होत्या, ही चिमणी दोन फेऱ्यांत उडवायची म्हणून. सोनूबाईने टाळ्यांचा ठेका धरला.

"मावशी!" बकुळा ओरडली. "पोटमाळ्यावर माणसं आहेत हे पोलिसांना कोणी दाखवलं?"

ठेका चुकला. मग थांबला.

सुंदराबाई हसल्या. पान खाल्लेले लाल दात. "तुज्या बापाशीन!"

पिंपळ. बकुळाने बोटं उघडली.

काहीच झालं नाही.

ती तशीच फिरत होती. तिचे पंजे मोकळे, बोटं पसरलेली, आणि तरीही ती फिरत होती, कारण तिची मनगटं सुंदराबाईंच्या मुठीत होती. सोडायला दोघी लागतात! चौपाटीवर दोघींनी 'आता' म्हणून सोडले होते. या बाईला 'आता' कोण म्हणणार होतं?

सुंदराबाईंना ती मोकळी बोटं कळली. त्यांचे डोळे बारीक झाले, मग त्यांनी खांद्यावरून मागे पाहिलं. कट्टा फिरत गेला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"सोडतंस काय गो रांडे?" त्या दातांतून म्हणाल्या. "माका दगडार आपटूचा होता? मी नाय सोडूचंय. बघ सुटान."

तेव्हा बकुळाला दिसलं की बाई अडकली आहे. मूठ उघडली तर कट्टा. थांबायचं म्हटलं तर दोघींचे पाय थांबायला हवेत, आणि बकुळाचे पाय थांबणार नव्हते. बकुळाने कोपरं वाकवली. अंग पुढे, सुंदराबाईंच्या छातीजवळ ओढून घेतलं, स्टुलावर वजनं ओढली होती तशी. सगळं वजन आसाजवळ आलं.

चौक सुटला. पिंपळ, कट्टा, जिना, बायका असं वेगळं काही उरलं नाही, नुसता एक हिरवा-राखाडी पट्टा. सुंदराबाईंचा तोल लांब हातांचा, झोकून फिरण्याचा. एवढ्या जवळून त्या कधी फिरल्या नव्हत्या. त्यांची पावलं अडखळू लागली. बकुळाचं नाक त्यांच्या नाकापासून वीतभर. पानाचा वास, घामाचा वास.

"कोणी दाखवलं?"

"हळू... गो, हळू..."

"कोणी?"

"पुरे!"

सुंदराबाईंच्या तोंडून तो शब्द चौकात पहिल्यांदाच ऐकू आला. बायकांनी श्वास ओढला.

"पुरे नाही. उत्तर. गौर ऐकतेय. कोणी दाखवलं?"

"मिया!" सुंदराबाई किंचाळल्या. "मियाच दाखवलंय! डावान दाखवलंय! माज्या दगडूच्या मानेर हात होतो पोलिसाचो... नळार खोटा मियाच बोललंय, विठोबाची काय चूक नाय... आता थांब गो, बाय माजे, थांब!"

गॅलरीखालच्या बायका उठल्या. सोनूबाई आधी उठली, मग सगळ्याच, तोंडावर पदर घेऊन, आणि जिन्याकडे, कमलाबाईंकडे सरकल्या. बकुळाला ते दिसलं नाही. दिसतं, तर एक गोष्ट तिच्या ध्यानात आली असती: तिने अंथरून ठेवलेली गादी उठून गेली होती.

बोलून टाकल्यावर सुंदराबाईंच्या अंगातलं बळच गेलं. मुठी आपोआप उघडल्या.

गुणाकार दोघींचा सारखा, दिशा उलट. सुंदराबाई कट्ट्याच्या दिशेने तीनचार पावलं धडपडल्या आणि कट्ट्याच्या अलीकडेच मांडी घालून बसल्यासारख्या बसल्या. एक ओरखडाही नाही. बकुळा त्यांच्या निम्म्याहूनही हलकी. ती रिकाम्या फरशीवरून उडत गेली आणि गॅलरीच्या लाकडी खांबावर खांद्याने आदळली. हाड मोडल्याचा आवाज वरच्या माळ्यापर्यंत गेला.

परळच्या इस्पितळात खांद्याचं मोडलेलं हाड बांधून तिला खाटेवर निजवलं तेव्हा विठोबा शेजारी स्टुलावर बसला. 

"कशाला केलंस?"

"तुमच्यासाठी नाही केलं."

"मग?"

"माझ्यासाठी. फार बरं वाटतंय, बाबा. खांदा दुखतोय, पण फार बरं वाटतंय."

विठोबा हसला का, ते नीट कळलं नाही. तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी कुशाबा येऊन उभा राहिला. टोपी हातात, नजर खिडकीबाहेर. त्याने घसा खाकरला, पुन्हा खाकरला. दोन वर्षांची माफी एका वाक्यात कशी मागायची ते त्याला येत नव्हतं. शेवटी तंबाखू तळहातावर घेऊन तो म्हणाला, "विठोबा, चुना आहे काय रे?"

विठोबाने वाकड्या बोटांनी खिसा चाचपला. डबी काढली. झाकण त्याला उघडेना, तेव्हा कुशाबानेच उघडलं.

चाळ जशी एकाला वाळीत टाकते तशीच दुसऱ्याला टाकते, तिला त्याचा सराव असतो. सुंदराबाईंची खाणावळ ओस पडली. काही बायका हळहळल्या: मुलाच्या मानेवर पोलिसाचा हात असताना आईने काय करावं? कमलाबाईसुद्धा म्हणाल्या, "कारण होतं गं तिला."

"कारण असतंच," बकुळा म्हणाली. "डाव वर करायला कारण होतं. नळावर बोलायला कोणतं होतं?"

कमलाबाई चुलीकडे वळल्या. 

शिमग्याच्या आधी सुंदराबाई गावी निघाल्या. दगडूने ट्रंक आणि पातेली हातगाडीवर बांधली, भाऊच्या धक्क्यावरून बोट होती. बकुळा मुद्दाम गॅलरीत जाऊन उभी राहिली. खांदा तोपर्यंत जुळला होता, जरा तिरपा, तो तसाच राहिला. चौकात सुंदराबाईंनी मान वर केली.

"हाड जुळला काय गो?"

"जुळलं."

"दुखता?"

"ओल पडली की."

"माका पण," सुंदराबाई म्हणाल्या आणि पायावर ज्या जागी कधीकाळी गरम आमटी पडली होती, तिकडे बघितलं. मग हातगाडीमागे चालू लागल्या. त्या वळून बघतील म्हणून बकुळा हातगाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबली. त्या वळल्या नाहीत. तेवढं एक शल्य तिला राहिलं.

साठ साली महाराष्ट्र झाला. विठोबाने मिरवणुकीत झांज वाजवली, वाकड्या बोटांनी, बेतालच. बकुळा बी.एस्सी. होऊन परळच्या मुलींच्या शाळेत लागली आणि जन्मभर तिथेच राहिली. कडक बाई म्हणून तिचा लौकिक होता. दरवर्षी संवेगाचा धडा आला की ती फिरतं स्टूल आणि दोन वजनं वर्गात आणी, आणि दरवर्षी कोणीतरी मुलगी तोच प्रश्न विचारी.

"बाई, फुगडी घालताना हात सुटले तर कोण पडतं?"

"दोघी. हलकी जास्त लांब जाते."

"मग हलकीने हात सोडूच नयेत ना, बाई?"

बकुळाबाई तिरप्या खांद्यावरचा पदर सारखा करत.

"सोडावेत की," त्या म्हणत. "आधी मागे खांब आहे का, ते बघून घ्यावं."